अकरावं अंडं

कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. आमच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही हा हिशेब ठाऊक असतो. मी लिहिलेल्या गोष्टीत मात्र कोंबडी दुसऱ्या परिच्छेदात अंड्यांवर बसली आणि तिसऱ्या परिच्छेदात पिल्लं अंगणात धावायला लागली. मधे एकच वाक्य होतं : ‘बघता बघता एकवीस दिवस सरले.’

ताईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘कुणाचे सरले? पारूचे?’

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी १९ वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात सांगून सांगून घडलेली ही गोष्ट. पारू नावाची मुलगी, तिची आजी, एक तांबडी गावठी कोंबडी आणि अकरा अंडी. एका मे महिन्यात ती कागदावर उतरवली आणि मुलांची चित्रपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेकडे पाठवली. तीन महिन्यांनी उत्तर आलं. गोष्ट आवडली आहे, पण तिच्यावर आमच्या संपादकांबरोबर काम करायची तुमची तयारी हवी. मी लगेच होकार कळवला. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं आणि एखादा शब्द इकडचा तिकडे करणं, एवढीच माझी समजूत होती. मौजेचे श्री. पु. भागवत, ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन यांच्याबद्दल वाचलेलं होतं, एकेका कथेवर ते लेखकाबरोबर किती बारकाईने काम करत, हे ऐकून होते. पण ती मोठ्यांच्या साहित्याची गोष्ट. पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिलेल्या चार पानांना तसला संपादक कशाला लागेल, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्या संपादक म्हणजे ताई. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आयुष्यभर मुलांच्या पुस्तकांचंच काम केलेल्या. टपालाने आलेल्या पाकिटात माझेच कागद होते आणि त्यांच्या समासात बारीक, सरळ अक्षरांत प्रश्नच प्रश्न. दुरुस्ती एकही नव्हती. खोडलेला शब्दही नव्हता.

‘पारूची आजी फार प्रेमळ होती.’ समासात : ‘काय केलं तिने?’

‘कोंबडीचा रंग तांबडा होता आणि तिच्या मानेवर पिसं नव्हती.’ समासात : ‘हे चित्रात दिसेलच. मग शब्दांनी काय करायचं?’

‘पारूला खूप आनंद झाला.’ समासात : ‘तुम्ही तिथे होतात. आनंद झाल्यावर तिचे पाय काय करत होते?’

मला राग आला. राग प्रश्नांचा नव्हता, त्यांची उत्तरं मला ठाऊक होती आणि ती मी लिहिली नव्हती, याचा होता. दोन दिवस पाकीट कपाटावर ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. प्रश्नांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई, घरात कात्री आणि डिंक आहे ना? कोरे कागद सहा घ्या.”

सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की चोवीस पानांची वही होते. आपल्याकडची पुष्कळ चित्रपुस्तकं अशीच असतात, मधे दोन पिना मारलेली. पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, दुसऱ्यावर लेखक-चित्रकारांची नावं आणि छपाईचा तपशील. गोष्ट सुरू होते तिसऱ्या पानावर. त्यानंतर समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या, आणि शेवटी एकटं चोविसावं पान. ताईंच्या भाषेत, एक दार, दहा खोल्या आणि एक परसू. माझी गोष्ट छापून, वाक्यं कात्रीने कापून, ज्या पानावर जे घडतं तिथे ते चिकटवायचं, एवढंच काम त्यांनी सांगितलं.

स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मी चिकटवत गेले. तिसऱ्या पानावर पारू, आजी, गोठा, कोंबडी, कोंबडीचा स्वभाव. पुढच्या जोडीवर अंडी, एकवीस दिवस आणि पिल्लं, सगळं एकदम. तिथे कागद पुरेना, चिठोऱ्यांवर चिठोरे चढले. पाचव्या जोडीपासून मात्र पानं ओस पडली. चित्रकाराने तिथे काढायचं तरी काय? पारू आणि आजी बसून बोलताहेत. धीर धरावा, आईची माया, अंड्यातून जीव कसा येतो. नुसतं बोलणं. १,१४६ शब्दांपैकी निम्म्याहून जास्त शब्दांत काहीच घडत नव्हतं. वाचताना हे मला कधी जाणवलं नव्हतं. हातात कात्री आल्यावर दिसलं.

त्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. माझ्या वर्गात माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आहे, मुलांनी हाताळून मऊ झालेलं. त्यातला नुसता मजकूर मी एका कागदावर उतरून काढला. चित्रांशिवाय तो वाचला की जागोजागी रिकाम्या जागा भासतात आणि पुस्तक पुन्हा उघडलं की त्याच जागी चित्र बसलेलं असतं. तिथे लिहिणारा आणि चित्रं काढणारा हात एकच आहे, त्यामुळे कुणी किती बोलायचं हे त्यांचं त्यांना माहीत. माझ्या गोष्टीची चित्रं काढणार होता तिसराच कुणीतरी, मी न पाहिलेला. त्याच्यासाठी जागा सोडायची तर आधी त्याच्यावर भरवसा ठेवायला हवा. आणि माझं प्रत्येक वाक्य त्याच्या हातातला कुंचला काढून घेत होतं.

आता मुख्य काम होतं एकवीस दिवसांचं. ताई म्हणाल्या, “रोज एक ओळ. एकवीस ओळी. पण आठवून लिहू नका, बघून लिहा.”

आमच्या शेजारच्या काकींची एक कोंबडी श्रावणात खुडूक झाली. अंडी घालायची थांबली, अंग फुलवून टोपलीत बसून राहिली, जवळ गेलं की गुरगुरायची. काकींनी टोपलीत भाताचा पेंढा घालून तिच्याखाली तेरा अंडी ठेवली. मी रोज शाळेतून आले की अर्धा तास गोठ्यात जाऊन बसायचे. जन्म कोंबड्यांमध्ये गेलेला, तरी मी कोंबडी कधी पाहिली नव्हती, असं वाटायला लागलं. ती दिवसातून एकदाच उठते. धावत बाहेर येते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, मातीत अंग घोळते, आणि कुणी हाक मारल्यासारखी परत पळते. बसण्याआधी चोचीने एकेक अंडं आत ओढून फिरवून घेते. सातव्या रात्री काकींनी बॅटरीच्या उजेडापुढे एक अंडं धरलं. आत लाल दोऱ्यांचं बारीक जाळं दिसलं, मधे एक ठिपका. विसाव्या दिवशी टोपलीजवळ कान नेला तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू आली. कवच अजून अखंड होतं.

माझ्या एकवीस ओळींतल्या बऱ्याच ओळी सारख्याच निघाल्या. ‘बसली आहे.’ ‘आजही बसली आहे.’ ‘पाऊस. बसली आहे.’ लाज वाटत त्या तशाच पाठवल्या. ताईंना नेमक्या त्याच ओळी हव्या होत्या. सलग पाच जोड्यांवर त्यांनी कोंबडीला तिथेच, त्याच टोपलीत बसवून ठेवलं. बाकीचं जग बदलत होतं. पारू शाळेत जाते, पारू पडते आणि गुडघा फोडून घेते, गोठ्यावर पाऊस कोसळतो, आजी बॅटरी लावते. प्रत्येक पानाच्या खाली तेच दोन शब्द : ‘बसली आहे.’ पुढे वर्गात हे वाचलं तेव्हा तिसऱ्या वेळेपासून मुलं तो भाग माझ्याआधी म्हणू लागली.

बॅटरीचं पान ताईंना नको होतं. पाठ्यपुस्तकातल्या माहितीसारखं वाटतं, त्या म्हणाल्या. तिथे मी हटले नाही. अंड्याच्या आतला तो लाल ठिपका पारूला दिसलाच पाहिजे, नाहीतर शेवटी तिचं जे होतं ते का होतं, हे मुलाला कळणार नाही. बराच वेळ बोलणं झालं. मग ताई म्हणाल्या, “असं असेल तर माहिती काढा आणि ठिपका ठेवा.” ‘सातव्या दिवशी गर्भाच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात’ हे वाक्य गेलं. तिथे आलं : ‘आत कुणीतरी आहे.’

‘खुडूक’ या शब्दावरूनही ओढाताण झाली. प्रकाशन संस्थेतून विचारणा आली, शहरातल्या मुलांना कळेल का, दुसरा सोपा शब्द नाही का? दुसरा शब्द आहे कुठे? ती आजारी नसते, रुसलेली नसते, दमलेली नसते. ती खुडूक असते. या वेळी ताईच माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनाही हा शब्द नवा होता, पण दोन-तीनदा तो मोठ्याने उच्चारून त्या म्हणाल्या, “हा म्हणताना तोंडच मिटून बसतं. चित्रात फुगून बसलेली कोंबडी असेल, कोण विचारतंय अर्थ?” तिसऱ्या पानावर आता एकच वाक्य आहे : ‘आमची तांबडी खुडूक झाली.’

पान उलटणं म्हणजे काय, हेही मला त्यांनीच दाखवलं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. काय झालं, हे आपली भाषा शेवटपर्यंत हातचं राखून ठेवते. चित्रपुस्तकाला याहून मोठं वरदान नाही. मी लिहिलं होतं, ‘अंड्याला तडा गेला आणि त्यातून इवलीशी चोच बाहेर आली.’ ताईंनी ते वाक्य उजव्या पानाच्या तळाशी तोडलं : ‘अंड्यातून हळूच…’ बाकीचं पान उलटल्यावर. मुलाने स्वतःच्या हाताने पान उलटायचं आणि चोच त्याच्यामुळे बाहेर यायची. त्यातच आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मराठीत अंडं ‘ते’ आणि पिल्लूही ‘ते’. म्हणून ‘ते आतून टकटक करतंय’ असं लिहिलं की ते अंडं की पिल्लू, हे सांगावंच लागत नाही. अंड्याचं पिल्लू नेमकं कधी होतं, हा प्रश्न भाषेनेच सोडवून ठेवलेला. त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं हे मला आवडलं.

आणि मग अकरावं अंडं.

माझ्या गोष्टीत दहा अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात, अकरावं राहतं. पारू देवापुढे दिवा लावते, अंड्याला ऊब देते आणि तेविसाव्या दिवशी त्यातून सगळ्यांत गोंडस पिल्लू बाहेर येतं. नावही तसंच होतं, ‘पारू आणि जादूचं अंडं’. चौथ्या खर्ड्यापर्यंत ताईंनी या शेवटाला हात लावला नव्हता. एका रविवारी दुपारी त्यांनी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाई, तुमच्या घरी ते अकरावं फुटलं होतं का?”

पारू म्हणजे मी, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

नव्हतं फुटलं. सात वर्षांची होते मी. कोंबडी पहिल्या पिल्लापासून दुसऱ्या दिवसापर्यंत टोपलीत बसली होती, पंखांखाली ओली पिल्लं वाळत होती. मग ती उठली. दहा पिल्लांना साद घालत अंगणात उतरली आणि एकदाही मागे वळली नाही. टोपलीत ते एक अंडं. मी ते परकराच्या ओच्यात घालून संध्याकाळपर्यंत फिरले. कोंबडीसमोर नेऊन ठेवलं, तिने त्याच्यावरून चालत जाऊन दाणे टिपले. कोंबडीचा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आजीने अंडं माझ्या हातून घेतलं, कानाशी धरून हलवलं, आत पाणी वाजल्यासारखं झालं. ती काही बोलली नाही. परसात शेवग्याच्या बुंध्याशी तिने खड्डा केला आणि अंडं ठेवायला माझ्याकडे दिलं.

हे सगळं मी ताईंना फोनवर सांगितलं आणि सांगताना माझा आवाज कापत होता. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्या म्हणाल्या, “हे पुस्तक आहे.”

मी वाद घातला. पाच वर्षांच्या मुलांना मरण दाखवायचं का? पालक घेतील का असं पुस्तक? वर्गात मुलं रडली तर? ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला दोन पुस्तकांच्या हकिगती सांगितल्या. मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ सालचं पुस्तक आधी रानघोड्यांवर व्हायचं होतं. सेंडाकला घोडे मनासारखे काढता येईनात. त्याच्या संपादक अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी धीर धरला, आणि घोड्यांच्या जागी त्याची स्वतःची राक्षसी जनावरं आली. पुस्तक निघालं तेव्हा मुलं घाबरतील म्हणून काही मोठी माणसं धास्तावली होती. मुलांनी ते उराशी धरलं. दुसरी हकिगत एरिक कार्लच्या १९६९ च्या सुरवंटाची. तो आधी सुरवंट नव्हताच, पुस्तकाच्या पानांतून भोकं पाडत जाणारी एक हिरवी अळी होती. ती अळी ॲन बेनेड्यूस या संपादकबाईंच्या मनात भरेना. त्यांनी विचारलं, सुरवंट असला तर? आणि कार्लला त्याच क्षणी फुलपाखरू दिसलं.

“संपादकाने फुलपाखरू सांगितलं नाही,” ताई म्हणाल्या. “ते कार्लकडेच होतं. तुमचा शेवगासुद्धा तुमच्याकडेच होता.”

पाचवा खर्डा मी एका बैठकीत लिहिला. जादू गेली, दिवा गेला, आजीची सगळी शिकवण गेली. आजी शेवटच्या दोन्ही चित्रांत एक शब्द बोलत नाही. सहावा आणि सातवा खर्डा फक्त कानासाठी होता. ताई फोनवर मला वाचायला लावायच्या आणि मी जिथे अडखळायचे तिथे त्यांच्याकडे खूण व्हायची. ‘कोंबडी पिल्लांना घेऊन गेली’ की ‘निघाली’, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. ‘गेली’ म्हटलं की सोडून गेल्यासारखं वाटतं, पारूला तसंच वाटत असतं. ‘निघाली’ म्हटलं की तिला दहा जणांना पोसायचं आहे, हे दिसतं. शेवटी ‘निघाली’ ठेवलं. पारूचा राग चित्रकाराने तिच्या पाठमोऱ्या खांद्यांत दाखवला आहे. आता शब्द २६३ उरलेत आणि नाव ‘एकवीस दिवस’.

चित्रांच्या कच्च्या रेखाटनांत पहिल्यांदा पोल्ट्रीतली पांढरीशुभ्र कोंबडी आली होती. चूक माझी होती. वर्णन काढून टाकलं, पण त्याच्या बदल्यात चित्रकाराला काही पुरवलं नव्हतं. काकींच्या कोंबडीचे, टोपलीचे, गोठ्याचे, शेवग्याच्या बुंध्याचे चाळीसेक फोटो पाठवले. ताईंनी बजावून सांगितलं की चित्रात कुठेही अक्षरं काढायची नाहीत, सगळा मजकूर निव्वळ काळ्या शाईत वेगळा राहील. उद्या हेच पुस्तक कन्नडमध्ये किंवा हिंदीत करायचं झालं तर रंगाच्या प्लेटा तशाच ठेवून फक्त काळी बदलावी लागते.

दुसऱ्या पानावर संपादक म्हणून त्यांचं नाव सर्वांत बारीक टाइपात आहे. लेखकाच्या नावाखाली, ठळक घ्या, असं मी संस्थेला कळवलं होतं. ताईंनी ते परस्पर बदलून घेतलं. मला हे अजूनही पटलेलं नाही आणि दुसरी आवृत्ती निघालीच तर मी पुन्हा भांडणार आहे.

छपाईला जाण्याआधी रंगीत प्रत हाताने टाचून माझ्याकडे आली. दुसरीच्या वर्गात वाचायला घेतली. ‘बसली आहे’ला सगळे एका सुरात. चोच बाहेर आली तेव्हा आरडाओरडा. मग नववी जोडी : डाव्या पानाच्या कडेवरून कोंबडी आणि दहा पिल्लं बाहेर चालली आहेत, उजव्या पानावर टोपली, पेंढा आणि एक अंडं. वर्ग गप्प झाला. माझ्या पोटात गोळा आला.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडे दोन राहिली होती.”

“आमचं एक.”

“आमची चार. त्यातलं एक मांजराने नेलं.”

“मी हलवून बघितलेलं. पाणी वाजतं आत.”

सगळा वर्ग बोलायला लागला. कुणाच्या आईने फेकलं, कुणाच्या काकाने पुरलं, कुणी लपवून ठेवलं आणि मग वास सुटला. मी पुस्तक हातात उघडं धरून उभी होते. पुढे काय म्हणायचं, ते सुचत नव्हतं.

रात्री ताईंना सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, ते त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “आणि पान कुणी उलटलं?”

पहिल्या बाकावरची मुलगी उठून आली होती. तिने उलटलं.